नेत्याचं आयकर विवरणपत्र मिळत नाही, मग बघायचं काय?

निवडणूक जवळ आली की गावात, सोसायटीत, ऑफिसात एक प्रश्न हमखास निघतो: "ह्या माणसाकडे एवढा पैसा आला कुठून? कर तरी भरतो का?" चर्चा रंगते, चहा संपतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं की या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर सरकारी कागदावर, त्याच नेत्याच्या सहीनिशी पडलेलं असतं. मी काही वर्षं हौसेने हे कागद वाचतो आहे. नव्याने वाचू पाहणाऱ्यांसाठी हा रस्ता लिहून ठेवतोय.

आधी अपेक्षा जागेवर आणा

अमेरिकेत रिचर्ड निक्सनच्या काळापासून राष्ट्राध्यक्षांनी आपली कर विवरणपत्रं जाहीर करायची प्रथा पडली होती. ती प्रथाच, कायदा नाही. म्हणून २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी "तपासणी चालू आहे" असं सांगून नकार दिला, तेव्हा कुणी काही करू शकलं नाही. २०२० मध्ये वर्तमानपत्रातून बाहेर आलं की २०१६ आणि २०१७ या वर्षांसाठी त्यांनी केंद्रीय आयकर भरला तो प्रत्येकी ७५० डॉलर. त्यांची सहा वर्षांची विवरणपत्रं अमेरिकी संसदेच्या समितीने प्रसिद्ध केली ती डिसेंबर २०२२ च्या अखेरीस, म्हणजे सत्ता गेल्यावर जवळपास दोन वर्षांनी.

आपल्याकडे उलटा प्रकार आहे. पूर्ण विवरणपत्र कुणालाच मिळत नाही, पण त्यातला एक आकडा प्रत्येक उमेदवाराला कायद्याने लिहून द्यावा लागतो.

विवरणपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात मागू नका, वेळ जाईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात आयकर विवरणपत्र ही व्यक्तिगत माहिती ठरवली. व्यापक जनहित सिद्ध केल्याशिवाय ती मिळत नाही, आणि तसं सिद्ध करणं आपल्यासारख्याच्या आवाक्यातलं नाही. गंमत अशी की राजकीय पक्षांची विवरणपत्रं मात्र खुली करावीत, असा निर्णय केंद्रीय माहिती आयोगाने २००८ मध्येच दिला होता. पक्षाचं दिसतं, नेत्याचं दिसत नाही. (नॉर्वेत कोणाचंही उत्पन्न शोधता येतं, पण २०१४ पासून आपल्या नावाचा शोध कुणी घेतला हेही त्या माणसाला कळतं. आपल्याकडे अशी सोय झाली तर भावकीत काय होईल, याचा विचार करून बघा.)

कागदाचं नाव: नमुना २६

उमेदवारी अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, ते म्हणजे नमुना २६. बोलीभाषेत 'शपथपत्र'. हे आपोआप मिळालेलं नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी निकाल दिला की उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. त्यावर एरवी कशावरही एकमत न होणारे पक्ष एकत्र आले आणि त्यांनी कायदा बदलून हा हक्क आखूड करायचा प्रयत्न केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तो बदलही रद्द केला.

आपल्या कामाचा मोठा बदल झाला तो फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्याआधी शेवटच्या एका वर्षाचं उत्पन्न लिहिलं की भागायचं. आता स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती अशा प्रत्येकाचा पॅन आणि मागच्या पाच आर्थिक वर्षांच्या विवरणपत्रांत दाखवलेलं एकूण उत्पन्न लिहावं लागतं. परदेशातली मालमत्ताही त्यातच येते.

कुठून उतरवायचं

लोकसभा, राज्यसभा, विधानसभा आणि विधान परिषद या निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं केंद्रीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर, प्रतिज्ञापत्रांच्या स्वतंत्र पोर्टलवर असतात. निवडणूक, राज्य, मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. मोबाईलवर बघायचं असेल तर आयोगाच्या ॲपवरही ती सोय आहे. महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका यांचं खातं वेगळं, ते राज्य निवडणूक आयोगाकडे. नगरसेवकाचा कागद केंद्रीय आयोगाच्या पोर्टलवर शोधत बसू नका.

जुन्या निवडणुकांसाठी 'मायनेता' हे संकेतस्थळ सोयीचं. तिथे आकडे तक्त्यात मांडलेले मिळतात आणि त्याच नेत्याच्या दोन निवडणुकांची तुलनाही होते. तरी मूळ पीडीएफ उघडल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर बोलू नका. एक शून्य इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

उतरवताना दोन गोष्टी बघा. एकाच उमेदवाराची दोन-तीन प्रतिज्ञापत्रं दिसली तर घाबरू नका. चूक निघाली की सुधारित पत्र देतात, त्यातलं शेवटचं घ्या. दुसरं म्हणजे मागच्या निवडणुकीचंही त्याच वेळी उतरवून ठेवा. नुसता एक कागद म्हणजे फोटो, दोन कागद शेजारी ठेवले की हालचाल दिसते.

आणि कागदच सापडला नाही तर? मग तो माणूस कधी निवडणुकीला उभाच राहिला नसेल. बाळासाहेब ठाकरे यांनी कधीच निवडणूक लढवली नाही, त्यामुळे एवढ्या मोठ्या नेत्याचं एकही प्रतिज्ञापत्र नाही. २०१९ मध्ये आदित्य ठाकरे वरळीतून उभे राहिले, तेव्हा घराण्यातलं पहिलं पत्र आलं. उद्धव ठाकरे यांचं आलं ते मे २०२० मध्ये, मुख्यमंत्री झाल्यावर विधान परिषदेवर जाताना, आणि कुटुंबाची मिळून सुमारे १४३ कोटींची मालमत्ता तेव्हा पहिल्यांदा कागदावर दिसली. पक्ष चालवायला शपथपत्र लागत नाही, अर्ज भरायला लागतं.

वाचायची सुरुवात मधूनच करा

पहिल्या पानापासून वाचत गेलात तर गुन्ह्यांच्या कलमांतच दमाल. मी आधी उत्पन्नाचा तक्ता काढतो, मग जंगम मालमत्ता, मग स्थावर, मग देणी आणि सर्वांत शेवटी 'उत्पन्नाचा स्रोत'. हा शेवटचा रकाना वाचून अनेकदा हसू येतं. पन्नास-साठ कोटींच्या मालमत्तेसमोर दोनच शब्द असतात: 'शेती, व्यवसाय'. कुठला व्यवसाय, ते विचारू नये.

जंगम मालमत्तेत रोकड, बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा, दुसऱ्याला दिलेली कर्जं, वाहनं आणि दागिने असा क्रम असतो. स्थावरमध्ये शेतजमीन, बिगरशेती जमीन, व्यापारी इमारती, राहती घरं. प्रत्येक स्थावर मिळकतीसमोर ती वारसाने आली की विकत घेतली, विकत घेतली तर कधी आणि कितीला, आणि आजची अंदाजे किंमत हे लिहायचं असतं. 'कधी आणि कितीला' ही ओळ सोन्यासारखी आहे. लोक ती सोडून एकूण बेरजेकडे धावतात.

रकाना रिकामा सोडता येत नाही; काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार सांगूनही रिकामा ठेवला तर अर्ज बाद होऊ शकतो. पण निवडणूक निर्णय अधिकारी छाननीत रकाना भरला आहे का एवढंच बघतो. भरलेलं खरं आहे का, ते तपासायचं काम त्याचं नाही. बहुतेकांचा गैरसमज नेमका इथेच असतो.

एक छोटा नमुना बघा. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या २०२४ च्या वाराणसीतल्या प्रतिज्ञापत्रात सोन्याच्या चार अंगठ्या आहेत: वजन ४५ ग्रॅम, किंमत २,६७,७५० रुपये. भागाकार करा, ग्रॅमला ५,९५० रुपये येतात. त्या मे महिन्यात सराफाकडचा भाव याहून चढा होता. यात लपवाछपवी काहीच नाही, वजन स्पष्ट लिहिलंय. शिकायचं एवढंच की किंमत हा उमेदवाराने धरलेला आकडा असतो, तेव्हा सोन्याचं वजन बघा, जमिनीचं क्षेत्र बघा, शेअरची संख्या बघा. त्याच पत्रात उत्पन्नाची ओळ २०१८-१९ च्या सुमारे ११.१४ लाखांपासून २०२२-२३ च्या सुमारे २३.५६ लाखांपर्यंत जाते. अशी पाच आकड्यांची ओळ सापडली की खरं काम सुरू होतं.

वहीत गणित मांडा

आता एक काल्पनिक उमेदवार घेऊ. नाव आबासाहेब. २०१९ मध्ये नवरा-बायकोची मालमत्ता १ कोटी ८० लाख, २०२४ मध्ये ६ कोटी ४० लाख. बातमी काय येणार? 'पाच वर्षांत संपत्ती साडेतीन पट!' बातमी खोटी नाही, पण अर्धवट आहे. वाढ ४ कोटी ६० लाखांची. तिचे तुकडे करू.

आधी नुसत्या भावामुळे फुगलेलं बाजूला काढायचं. वडिलोपार्जित सात एकर, गट नंबर तेच. शेजारून महामार्ग गेला, किंमत ९० लाखांवरून २ कोटी ६० लाख. म्हणजे १ कोटी ७० लाख इथेच गेले. जुनं घर ४० चं ६० झालं, २० लाख. मधल्या काळात घेतलेल्या फ्लॅटचा भाव खरेदीनंतर २० लाखांनी चढला. सोनं तेवढ्याच वजनाचं, १२ लाखांनी महाग. बेरीज २ कोटी २२ लाख. ह्या पैशासाठी आबासाहेबांना खिशात हात घालावा लागलेला नाही.

उरले २ कोटी ३८ लाख. हे मात्र खरोखर कुठून तरी आले: फ्लॅट १ कोटी ४० लाखांना घेतला, ठेवी ३५ लाखांनी वाढल्या, गाड्या २३ लाखांनी, आणि 'दिलेली व्यक्तिगत कर्जं' या रकान्यात ४० लाख नव्याने आले. आता देण्यांचं पान उघडा. कर्ज १० लाखांवरून ९५ लाखांवर गेलंय, म्हणजे ८५ लाख बँकेने दिले. उरले १ कोटी ५३ लाख.

आता उत्पन्नाची ओळ. दोघांचं पाच वर्षांचं मिळून ६२ लाख. वजा केले की ९१ लाख उरतात.

थांबा, अजून निष्कर्ष काढू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, त्यामुळे करपात्र उत्पन्नाच्या आकड्यात ते दिसेलच असं नाही. सात एकर ऊस, एकरी लाखभर निव्वळ धरला (हे मी आबासाहेबांवर मेहरबानी म्हणून धरतोय) तरी वर्षाला ७ आणि पाच वर्षांत ३५ लाख. उरले ५६ लाख. आणि अजून आपण घरखर्च, मुलांचं शिक्षण, भरलेला कर यातला एक रुपयाही वजा केलेला नाही.

तर प्रश्न ५६ लाखांचा आहे, साडेचार कोटींचा नाही. त्याचं सरळ उत्तर असू शकतं: सासऱ्यांनी दिले, मधेच घेऊन मधेच विकलेला एखादा प्लॉट, विम्याची मुदत भरली. पण आता तुम्ही सभेत उभं राहून नेमका आकडा विचारू शकता, आणि "विरोधकांचं कारस्थान" हे त्याचं उत्तर होत नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते, आणि आयकरातही पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दाखवायची खास तरतूद आहे. म्हणून गोव्याच्या उमेदवाराच्या एकट्याच्या आकड्यावरून काही ठरवलंत तर निम्म्याने चुकाल. दोघांच्या ओळी एकत्र करूनच वाचा.

सातबाऱ्याशी ताळा

प्रतिज्ञापत्रात गाव आणि गट नंबर असतो. तो घेऊन महाराष्ट्राच्या भूलेख संकेतस्थळावर जा. जिल्हा, तालुका, गाव, गट टाकला की विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा तर १५ रुपये. नुसतं क्षेत्र जुळवून थांबू नका. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा आहे का बघा, आणि तो देण्यांच्या पानावर आहे का तेही. आठ-अ काढलात तर त्या गावात त्या खातेदाराच्या नावावर असलेले सगळे गट एका कागदावर येतात. शहरातल्या मिळकतीला मालमत्ता पत्रक, आणि खरेदीखताची नोंद हवी असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन.

इथे माझी एक फजिती सांगून टाकतो. सुरुवातीच्या काळात एका उमेदवाराच्या पत्रातला नंबर मी टाकला, तर जमीन भलत्याच माणसाची निघाली. मी दोन मित्रांना उत्साहाने फोन केले की "सापडला!" संध्याकाळी एका निवृत्त तलाठी काकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "अरे बाळा, हा जुना सर्व्हे नंबर आहे. एकत्रीकरणात गट नंबर बदलला." नवा गट टाकला, जमीन गुंठ्यासकट जुळली. ते दोन फोन परत करताना जी लाज वाटली, ती अजून लक्षात आहे. फेसबुकवर टाकलं असतं तर अब्रूनुकसानीची नोटीस आली असती, आणि तीही रास्त.

शेअर किंवा कंपनी दिसली तर कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची प्राथमिक माहिती मिळते. आमच्याकडे मात्र अशा कागदांपेक्षा सातबाराच जास्त बोलतो.

जे कागदावर येतच नाही

लग्न झालेला, स्वतः कमावणारा मुलगा 'अवलंबित' नसतो. सूनही नाही, भाऊ नाही, मेहुणा तर नाहीच. त्यांच्या नावावरचं काहीही या पत्रात येत नाही, आणि ते न लिहिणं बेकायदा नाही. ट्रस्ट, शिक्षणसंस्था, सहकारी साखर कारखाना यांवर नेत्याची सत्ता असते, मालकी नसते. महाराष्ट्रात नेत्याचं खरं वजन बऱ्याचदा ह्याच जागी असतं आणि नमुना २६ ला ते दिसत नाही. हा माझ्या मते या कागदाचा सर्वांत मोठा दोष.

शिवाय प्रत्येक वस्तू लिहायलाच हवी असंही नाही. अरुणाचल प्रदेशात तेझू मतदारसंघातून २०१९ मध्ये निवडून आलेले कारिखो क्री यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती; कारण कुटुंबाच्या नावावरची एक कायनेटिक स्कूटर, एक मारुती ओम्नी आणि एक टीव्हीएस मोटारसायकल पत्रात नव्हती. ती वाहनं आधीच विकली किंवा भेट दिली होती, फक्त नोंदणीवरचं नाव बदललं नव्हतं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली आणि म्हटलं की कपडे, चपला, भांडी, फर्निचर अशी प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करायची गरज नाही. मात्र मोठ्या किमतीची घड्याळं जमवली असतील तर ती लिहावी लागतील. साधं घड्याळ नको, महागडी हवीत. सीमारेषा कुठे, ते प्रकरणागणिक ठरणार.

काही खटकलं तर

अर्ज भरण्याच्या दिवसांतच लक्षात आलं तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रति-प्रतिज्ञापत्र देता येतं. तेही उमेदवाराच्या पत्राबरोबर प्रसिद्ध होतं. स्टॅम्प, नोटरी आणि पुराव्याच्या प्रती हव्यात. निकालानंतर मार्ग म्हणजे उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, निकालापासून ४५ दिवसांच्या आत. ही मुदत वाढत नाही, आणि वकिलाशिवाय हे काम होत नाही. खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. सहा महिने ही शिक्षा आहे की सवलत, ते तुम्ही ठरवा.

एवढं सगळं करायची बहुतेकदा वेळ येत नाही. मी करतो ते इतकंच: उमेदवाराच्या कार्यालयाला चार ओळींचं पत्र. पान क्रमांक, रकाना, दोन वर्षांचे दोन आकडे आणि शेवटी "यातला फरक समजावून सांगावा ही विनंती". विशेषण एकही नाही. पोच घेतो. कधी उत्तर येतं, एकदा तर उमेदवाराच्या सीएचाच फोन आला आणि त्याने बिनचूक समजावलं. बऱ्याचदा काहीच येत नाही. मग पत्राची प्रत, दोन्ही प्रतिज्ञापत्रं आणि त्या तारखेचा सातबारा एकाच फोल्डरमध्ये ठेवून देतो. फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग मतदारसंघ, मग नाव असं लिहा. पाच वर्षांनी तिसरा कागद आला की तो बरोबर त्यांच्या खाली जाऊन बसतो.